आगगाडी नावाचा वाडगा

सॅन होजे, कॅलिफोर्निया

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा आईने फोनवर विचारलं, "रात्री काय जेवलीस?" मी "सूप" म्हणाले आणि ऑफिसचा दुसरा फोन वाजला म्हणून घाईने ठेवून दिला. दादा सांगत होता, तेव्हापासून आईचं एकच चाललंय, पोरगी तिकडे नुसत्या पाण्यावर दिवस काढते. म्हणून हे पत्र. बाबांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही. पत्र ते चष्मा लावून मोठ्याने वाचतील आणि आई भाजी निवडत ऐकेल, हे मला इथून दिसतंय.

आई, त्या सुपाला 'फो' म्हणतात. उच्चार करताना शेवटी प्रश्न विचारल्यासारखा सूर वर न्यायचा. मला तो अजून जमत नाही. व्हिएतनामी लोकांचं हे जेवण. त्यांच्या देशात सकाळची न्याहारीसुद्धा हीच. इथे स्टोरी रोडवर त्यांची दुकानं ओळीने आहेत. व्हिएतनामबाहेर कुठल्याही एका शहरात या लोकांची एवढी वस्ती नाही, लाखाच्या वर माणसं आहेत.

मी जाते ते दुकान लहान आहे. दहा-बारा टेबलं, प्रत्येकावर चॉपस्टिक आणि चमचे ठेवलेला डबा. दाराजवळ जमिनीलगत छोटा देव्हारा, त्यात संत्री आणि उदबत्ती. भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर, मोठ्या आकड्यात इंग्रजी तारीख आणि खाली चंद्राची तिथी. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा आपल्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय आठवलं आणि मी तिथेच बसले.

मोठ्या वाडग्यात तांदळाच्या पातळ, चपट्या शेवया, त्यावर वाफाळता रस्सा. सोबत वेगळ्या ताटलीत मुगाचे बोटभर लांब पांढरे मोड, लिंबाची फोड, मिरचीच्या चकत्या आणि तुळशीच्या जातीचा एक पाला. त्याला बडीशेपेसारखा वास येतो. हे सगळं आपल्या हाताने, हवं तेवढं घालायचं. हा पाला आणि मोड दक्षिणेकडची पद्धत. फो मूळचा उत्तरेतला, हनोईकडचा. १९५४ साली देशाचे दोन तुकडे झाले, लाखो माणसं उत्तरेतून दक्षिणेत आली आणि त्यांच्याबरोबर हा वाडगाही आला.

आता आईचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. खरं तेच सांगते, मूळ फो गोमांसाचा असतो. मी तो घेत नाही, मी कोंबडीचा घेते. आणि आई, तुझ्यासाठी भाज्यांचा आणि टोफूचा, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचा असतो. त्याला 'फो चाय' म्हणतात. चाय म्हणजे त्यांच्याकडे शाकाहारी. बौद्ध घरांतली पुष्कळ माणसं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस-मासळी वर्ज्य करतात. त्या दिवशी दुकानात चायवाल्यांचीच गर्दी असते. इथे एरवीच्या रश्शात माशांपासून केलेलं खारं पाणी घालतात, त्याबद्दल मी खोदून विचारलं. चायचं पातेलं वेगळं असतं आणि त्यात सोया सॉस घालतात.

रश्शाचं मात्र तुला सविस्तर सांगायलाच हवं. हाडं आधी एकदा उकळून ते पाणी फेकून देतात. मग नवं पाणी, मंद आच, वर येणारी मळी काढत राहायची. मोठं पातेलं रात्री चढवतात ते सकाळी तयार होतं. रस्सा इतका नितळ की वाडग्याचा तळ दिसावा. आणि कांदा-आलं कसं घालतात, माहीत आहे? सालासकट जाळावर काळं होईपर्यंत भाजून! एकदा मी मागच्या दाराने गेले तर तो वास आला. डोळे मिटले असते तर मी भुसावळच्या अंगणात असते, तू काळ्या मसाल्यासाठी निखाऱ्यात कांदे पुरत असतीस. बाद्यान, दालचिनी, लवंग, धणे, मसाला वेलची, सगळी तुझ्याच डब्यातली मंडळी. फक्त ती वाटत नाहीत. कोरडी भाजून पुरचुंडीत बांधून रश्शात सोडतात आणि वास उतरला की काढून घेतात. पूर्वी मला वाटायचं, मसाला म्हणजे वाटणच.

आता हे बाबांसाठी. वाडग्याचे आकार असतात, लहान, मोठा आणि सगळ्यांत मोठ्याला 'से लुआ'. से म्हणजे गाडी, लुआ म्हणजे आग. आगगाडी! शब्दाला शब्द जुळतो. मी दुकानदारीणबाईंना सांगितलं, माझ्या बाबांनी चौतीस वर्षं आगगाडीवर नोकरी केली. त्या खूप हसल्या. तेव्हापासून त्या तुम्हाला 'से लुआ बाबा' म्हणतात.

या बाईंबद्दलच खरं लिहायचं होतं. वय सत्तरीच्या पुढे. सगळे त्यांना 'को' म्हणतात, म्हणजे आत्या. हाक मारताना 'को ओइ', म्हणजे 'अहो आत्या'. त्यांच्या भाषेत परक्यालाही नात्यानेच हाक मारतात. मला त्या 'कोन' म्हणतात, लेकरू. रस्सा चाखायच्या आधी कोणी तिखट सॉसच्या बाटलीला हात लावला तर रागावतात. आई, तू जशी चव घेण्याआधी मीठ मागणाऱ्याला रागावतेस.

बाबा, जूनमध्ये तुमची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा मी आले नाही. व्हिसाचे कागद अडकले होते, बाहेर पडले असते तर परत येता आलं नसतं. फोनवर मी "सगळं ठीक होईल" एवढंच म्हणत राहिले. तुम्हाला सकाळी नऊला आत नेलं, तेव्हा इथे आदल्या रात्रीचे साडेआठ वाजले होते. घरात बसवेना म्हणून मी स्टोरी रोडला गेले. समोर वाडगा आला आणि मला घास उचलेना. को आल्या, माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. मी छातीवर हात ठेवून "बाबा, हॉस्पिटल" म्हटलं.

दुकान नऊला बंद होतं. त्यांनी बाकीच्या टेबलांवर खुर्च्या उलट्या घातल्या, माझं टेबल तसंच ठेवलं. मग दुसऱ्या दिवशीच्या पाल्याच्या जुड्या घेऊन समोर बसल्या आणि एक जुडी माझ्यापुढे सरकवली. आम्ही दोघी पानं खुडत होतो. दादाचा फोन आला तेव्हा दहा वाजून गेले होते. "झालं, बाबा बोलतायत" एवढं ऐकलं आणि मी रडले. त्यांनी माझा गार झालेला वाडगा उचलून नेला, गरम करून आणला आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या.

त्या रात्री त्यांनी मला थोडंसं सांगितलं. १९७५ साली दक्षिणेची राजधानी सायगाव उत्तरेच्या सैन्याच्या हाती पडलं, त्यानंतर चार वर्षांनी त्या होडीतून निघाल्या. वडील मागे राहिले. इथे येऊन बरीच वर्षं इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली बारीक तारा जोडल्या. वडील गेल्याचं पत्र त्यांना दोन महिन्यांनी मिळालं. अमेरिका आणि व्हिएतनाम यांचे संबंध पुन्हा जुळले ते १९९५ साली, तोवर फार उशीर झाला होता. बोलताना त्यांचे हात थांबले नव्हते.

मी आले नाही याचं दुःख मला आहे, बाबा. फोनवर ते बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

दिवाळीनंतर तुम्ही दोघं येताय, तिकिटं बघायला मी सुरुवात केली आहे. डॉक्टरांना विमानाचं तेवढं विचारून घ्या. मिठाचंही विचारा, कारण रश्शात मीठ बरंच असतं. त्यामुळे बाबा, आगगाडी नाही, तुम्हाला लहान वाडगाच मिळेल आणि रस्सा अर्धा ठेवायचा. दातांची काळजी नको, शेवया मऊ असतात. आई, तुझ्या काळ्या मसाल्याची पुडी को मागतायत. मी त्यांना वास दिला होता, त्यांनी सात जिन्नस ओळखले. दगडफूल मात्र ओळखता आलं नाही, ते थोडं वेगळं बांधून आण.

तुमची,
सोनू