तीन गुण मिळाले, बचावाचे काय?

महोदय,

पॅरिस ऑलिम्पिकच्या हॉकीत शनिवारी, २७ जुलै २०२४ रोजी भारताने न्यूझीलंडला ३-२ असे हरवले. गुण पदरात पडले, पण खेळ विस्कळीतच होता. ८व्या मिनिटाला सॅम लेनच्या गोलने पिछाडी. मग मनदीप (२४) आणि विवेक सागर (३४) यांनी मिळवलेली आघाडी ५३व्या मिनिटाला सायमन चाइल्डने पुसली. ५९व्या मिनिटाला हरमनप्रीतने पेनल्टी स्ट्रोक (फक्त गोलरक्षक समोर असतानाचा फटका) मारला म्हणून निभावले. आणि गोलरक्षक श्रीजेश होता म्हणून!

खरे दुखणे पेनल्टी कॉर्नर (बचावातल्या चुकीबद्दल प्रतिस्पर्ध्याला मिळणारी गोलची संधी) देण्याचे आहे. कॉर्नरला गोलरक्षकासह पाचच जण बचावाला उरतात, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. अडवायला पहिला धावणारा बचावपटू अर्धे पाऊल उशिरा सुटला की ड्रॅगफ्लिकला (स्टिकने ओढून फेकलेल्या वेगवान फटक्याला) वाट मोकळी. गोलरक्षकाने पॅडवर अडवलेला चेंडूही बहुधा ‘डी’तच (गोलसमोरच्या अर्धवर्तुळातच) परततो, तिथे प्रतिस्पर्ध्याची स्टिक आधी पोहोचली की संपले. त्यामुळे कॉर्नर मुळात देऊच नये. ‘डी’त मागून स्टिक घालायची नाही, चेंडू पायाला लागू द्यायचा नाही, आक्रमकाला बेसलाइनकडे (गोलच्या बाजूच्या शेवटच्या रेषेकडे) रेटायचे. आघाडी असताना तर मधल्या फळीने आडवे, रेंगाळणारे पास टाळलेच पाहिजेत. ते कापले गेले की बचावफळी उघडी पडते आणि घाईत पाय मध्ये येतो.

सोमवारी समोर २०१६चे ऑलिम्पिक सुवर्णविजेते अर्जेंटिना होते. पुढे बेल्जियम आणि ऑस्ट्रेलियाही याच गटात होते.

– काही हॉकीप्रेमी, खडकी, पुणे