लाल कार्ड मिळालेल्या प्रशिक्षकाचे क्रीडामंत्र्यांना पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : स्थानिक फुटबॉलमधील पंचांचे प्रशिक्षण व सामन्यांचे चित्रीकरण.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी कोल्हापुरातील एका तालीम संघाचा, म्हणजे पेठेतल्या तालमीच्या नावाने खेळणाऱ्या फुटबॉल संघाचा, प्रशिक्षक आहे. यंदाच्या हंगामातील एका सामन्यात आम्ही ०-१ असे हरलो. ७८ व्या मिनिटाला आमच्या बचावपटूच्या हाताला चेंडू लागला, पंचांनी पेनल्टी दिली, आणि मी प्रशिक्षकासाठी आखलेली जागा सोडून थेट मैदानात शिरलो. २०१९ पासून प्रशिक्षकालाही कार्ड दाखवता येते. पिवळे मला आधीच मिळाले होते, आता लाल मिळाले. बाहेर जाताना पंचांना मी जे बोललो, ते या पत्रात लिहिण्याजोगे नाही.

त्या रात्री एका खेळाडूच्या वडिलांनी गॅलरीतून मोबाइलवर केलेले चित्रीकरण मी तीनदा पाहिले. पेनल्टी योग्य होती की नाही, हे मला आजही सांगता येत नाही, कारण नेमक्या त्या क्षणी पुढच्या रांगेतील माणसे उभी राहिली आणि पडद्यावर नुसती डोकी दिसतात. जे स्पष्ट दिसते, ते मात्र माझ्या सोयीचे नाही. संपूर्ण सामन्यात आमचे गोलच्या दिशेने गेलेले फटके दोन. एकट्या पूर्वार्धात आमच्या मध्यरक्षकांनी प्रतिस्पर्ध्याच्या पायात दिलेले पास सतरा. उत्तरार्ध मी पंचांवर ओरडण्यात घालवला, त्यामुळे दमलेला डावा बचावपटू बदलण्याचे मला सुचलेच नाही, आणि चेंडू ज्याच्या हाताला लागला तो हाच खेळाडू होता. सामना संपल्यावर पेठेत मात्र सर्वांच्या तोंडी एकच वाक्य होते : पंचाने घालवला. मीही त्याला मान डोलावली, हे कबूल करतो.

मग तक्रार कसली, असे आपण विचाराल. तक्रार अशी की, पंचाची चूक किती आणि आमची किती, हे वेगळे काढण्याचे कोणतेही साधन आमच्याकडे नाही.

११ जून २०२४ रोजी दोहा येथे विश्वचषक पात्रता फेरीच्या सामन्यात भारत कतारविरुद्ध १-० असा पुढे होता. भारताच्या छांगटेने ३७ व्या मिनिटाला गोल केला होता. ७३ व्या मिनिटाला गोलरेषेबाहेर गेलेला चेंडू कतारच्या खेळाडूने आत ओढला, युसूफ आयमनने तो जाळ्यात टाकला आणि पंचांनी गोल ग्राह्य धरला. चित्रफीत पाहून निर्णय तपासणाऱ्या व्हिडिओ साहाय्यक पंचांची सोय त्या सामन्यात नव्हती. भारत १-२ असा हरला, तिसऱ्या फेरीचे दार बंद झाले, भारतीय फुटबॉल महासंघाने तक्रार केली, आणि आठवडाभरातच प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांना पदावरून दूर करण्यात आले. तो गोल चुकीचा होता, याविषयी चित्रफीत पाहणाऱ्याला शंका उरत नाही. परंतु त्या फेरीतील सहा सामन्यांत मिळून भारताने केवळ तीन गोल केले होते आणि मार्चमध्ये गुवाहाटीत, म्हणजे घरच्याच मैदानावर, तो अफगाणिस्तानकडून हरला होता, हेही तितकेच खरे. तेथे चित्रफीत होती, म्हणून दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवता आल्या. आमच्या मैदानावर तसे करता येत नाही. प्रशिक्षकाला आयता आडोसा मिळतो, गॅलरीला शत्रू मिळतो, आणि खरोखर चूक करणारा पंचही पुढच्या सामन्यात तीच चूक करण्यास मोकळा राहतो.

आमचे पंच याच शहरात राहतात. सकाळी नोकरी, दुपारी शिट्टी, आणि दुसऱ्या दिवशी ज्यांच्याविरुद्ध निर्णय दिला त्यांच्याच गल्लीतून दूध आणायला जायचे, असा हा प्रकार आहे. मला ज्यांनी लाल कार्ड दाखवले, ते माझ्या मुलाच्या शाळेच्या फाटकाशी भेटले तेव्हा आम्ही दोघांनीही मान वळवली. अशा माणसाने हजारोंच्या गोंगाटात, एका क्षणात, हात शरीरापासून अनैसर्गिकरीत्या दूर होता की नव्हता हे ठरवायचे, आणि त्यासाठी त्याची नियमित उजळणी मात्र कोणी घ्यायची नाही.

शासनाने खेळाडूंसाठी काही केले नाही, असे मी म्हणणार नाही. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्यभरात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रमही झाला. त्या मुलांचे सामने पुढे कोण चालवणार, हा प्रश्न तेव्हा मलाही पडला नव्हता.

पंचांच्या नेमणुकांत किंवा निकालांत आपण हस्तक्षेप करावा, अशी माझी मागणी मुळीच नाही. त्रयस्थांच्या हस्तक्षेपाच्या कारणावरून फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने ऑगस्ट २०२२ मध्ये भारतीय महासंघाला निलंबित केले होते, याची मला जाणीव आहे. मागणी निधीची आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत वरिष्ठ गटाच्या प्रत्येक सामन्याचे मध्यरेषेसमोर उंचावरून एका स्थिर कॅमेऱ्याने चित्रीकरण व्हावे आणि ते दुसऱ्या दिवशी दोन्ही संघांना व पंचांना मिळावे. निकाल त्याने बदलणार नाही, बदलूही नये. हंगामापूर्वी पंचांसाठी उजळणी वर्ग व तंदुरुस्ती चाचणी घेण्यास साहाय्य मिळावे, आणि चुरशीच्या सामन्यांना सांगली, पुणे अशा जिल्ह्यांतून पंच बोलावण्याचा प्रवासखर्च दिला जावा. प्रेक्षागृहाच्या रंगरंगोटीपेक्षा हा खर्च कमीच असेल, असा माझा अंदाज आहे.

कार्डामुळे पुढच्या सामन्यात मला संघाजवळ बसता येणार नाही. गॅलरीच्या सर्वांत वरच्या पायरीवरून चित्रीकरण मीच करणार आहे. तिपाई उसनी मिळाली आहे. त्याची एक प्रत त्या दिवशीच्या पंचांना देईन, आणि आपल्या कार्यालयाने मागितल्यास आपल्यालाही पाठवीन.

आपला नम्र,
तालीम संघाचा एक प्रशिक्षक,
कोल्हापूर.