बोअर मारण्याआधी मोजा

मा. संपादक,
स. न.

डर्ट ट्रॅक म्हणजे मातीवरच्या मोटरसायकल शर्यतींच्या बातम्या आणि उडत्या गाड्यांचे फोटो वर्तमानपत्रात येतात, बघून बरं वाटतं. मात्र त्या गाड्यांच्या इंजिनाबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी कोल्हापुरात टू-स्ट्रोक इंजिनांची कामं करतो. मातीत पळवलेल्या यामाहा आरएक्स १०० मोटरसायकली घेऊन पोरं येतात. कुणी म्हणतं, ‘पळतीय तोवर पळू दे’, कुणी म्हणतं, ‘आवाज यायलाय, बोअर मारून टाका’, म्हणजे झिजलेल्या सिलिंडरचं भोक कापून मोठं करा आणि मोठा पिस्टन बसवा. दोघांनीही काही मोजलेलं नसतं.

या गाडीचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. अस्सल ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा सिलिंडर, आता शोधावा लागतो. त्यातलं लायनर (आतली नळी) बिडाचं, मूळ बोअर म्हणजे भोकाचा व्यास ५० मिमी. ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापाहून मोठे, पिस्टन साधारण ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी असे चार. गरज नसताना बोअर मारला तर त्यातला एक फुकट जातो. उलट, फार ताणलं आणि पिस्टनची रिंग तुटून पोर्टात (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीत) अडकली, तर चरे इतके खोल पडतात की एकदम दोन साइज वर जावं लागतं. शिवाय भर वेगात पिस्टन पकडला, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसला, की मागचं चाक जाम होतं. पोराच्या हाडांची मला ब्लॉकपेक्षा जास्त काळजी वाटते.

खरा शत्रू धूळ. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीत, जातं, मग वर. फिल्टरच्या कडेतून शिरलेली माती त्यामुळे क्रँकच्या बेअरिंगवरून जाते आणि नंतर रिंगा घासते. ७५०० आरपीएमला पिस्टन सेकंदाला १२५ वेळा खाली-वर होतो; तिथं चिमूटभर माती पुरते. म्हणून फिल्टरबॉक्सच्या आत धूळ दिसली की मी नुसता पिस्टन बदलून गाडी देत नाही.

इंजिन नवीन बांधल्यावर, रनिंग-इन (सुरुवातीचं हळू चालवणं) झालं की, गरम असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडून किक मारायची आणि गेजवरचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) लिहून ठेवायचं. पुढं त्याच गेजवर ते पाचव्या हिश्श्यानं उतरलं की इंजिन खोलायची वेळ आली. मधे शंका आली तर सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टातून टॉर्च मारा: घासलं असेल तर पिस्टनवर उभे चरे किंवा रिंगेच्या खाली तपकिरी डाग दिसतात. ब्लॉक काढल्यावर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वर-खाली हलवून बघा. आजूबाजूला थोडी हालचाल चालते, वर-खाली अजिबात नाही. बोअर वर, मधे, खाली, उभा आणि आडवा मोजायचा. वरच्या-खालच्या मापात ०.०५ मिमीहून जास्त फरक असेल तर नुसत्या रिंगांनी भागत नाही. क्रँकच्या दोन्ही बाजूंना सील असतं. क्लचच्या बाजूचं गेलं की गिअरचं ऑइल ओढून पांढरा धूर येतो, ते बोअरचं दुखणं नव्हे. मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचं गेलं तर हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि चांगला पिस्टनही पकडतो. नवीन बोअर मारून तेच सील आत ठेवलं तर काय होणार?

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक गॅरेजनं बिलावर जुना बोअर, नवा बोअर, पिस्टनचा क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) आणि बांधल्यानंतरचं कॉम्प्रेशन लिहून द्यावं. शर्यतीच्या आयोजकांनी तपासणीच्या वेळी तो कागद मागावा. आणि पोरांनी माप दाखवल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला देऊ नये.

— एक टू-स्ट्रोक मेकॅनिक, कोल्हापूर