डोंबाऱ्याच्या कसबाला शाळा कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भीक मागण्यास प्रतिबंध करणारा आपल्या राज्याचा कायदा १९५९चा. गाणं, नाच, भविष्य सांगणं किंवा खेळ करून दाखवणं या निमित्तानं सार्वजनिक जागी पैसे मागणं हीसुद्धा त्याच्या लेखी भीकच. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ साली दिल्लीपुरती त्यातली बरीच कलमं रद्द केली, आपल्याकडे ती शाबूत आहेत. म्हणजे तिकीट लावून तंबूत केली ती कसरत, आणि डोंबाऱ्यानं चौकात केली की गुन्हा!

मी आयुष्यभर मल्लखांब शिकवला, त्यामुळे डोंबाऱ्याचा खेळ लागला की पाय आपोआप थांबतात. बांबूच्या दोन कैच्या, मधे ताणलेला दोर. मेख ठोकून झाली की बाप टाचेनं दोर दाबून पाहतो, ढोलकं वाजवणाऱ्या बायकोकडे मान हलवतो, मगच पोर वर चढते. हातात आडवी काठी, डोक्यावर गडव्यांची उतरंड, पायाखाली थाळी सरकवत पुढे. तिची नजर पायाकडे एकदाही जात नाही, समोरच्या कैचीवर खिळलेली. ही नजर बसवायला आमच्या आखाड्यात भल्याभल्यांना वर्ष जातं.

लहान मुलांनी दोरावर पोट भरावं, असं माझं म्हणणं मुळीच नाही. सर्कशीत मुलांना राबवण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या २०११च्या आदेशानं बंदी आली ती योग्यच. बालकामगार कायद्याच्या २०१६च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला अटी पाळून सिनेमा-मालिकेत काम करता येतं, सर्कस मात्र नाव घेऊन वगळली आहे. तेही समजू शकतो. पण जुनी वाट बंद करताना पंधरा-सोळाच्या पोरासाठी नवी कुठे काढली? दोर सोडला की वीटभट्टी नाहीतर ऊसतोड.

माझ्याकडे येणारा एक कोल्हाटी, म्हणजे डोंबाऱ्यांच्याच जमातीतला, मुलगा पुढे शिकायला निघाला, तर जात पडताळणीत २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला. भटक्या जमातीच्या माणसाकडे वास्तव्याचा पुरावा! आजोबा कुठल्या गावच्या वेशीबाहेर पाल ठोकून होते, हे कोणत्या दप्तरात सापडणार? पोरगं आता टेम्पोवर हमाली करतं.

भारतीय सर्कस आपल्या मातीतली. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. पण शाळा निघाली केरळात. कीलेरी कुन्हीकण्णन यांनी तलश्शेरीजवळ ती काढली आणि पुढे देशभरच्या तंबूंना तिथलेच कसरतपटू मिळत गेले. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला सर्कस शिकवणारी राष्ट्रीय संस्था आहे, आणि तिथल्या ‘सर्कस ओझ’नं खास आदिवासी कलावंतांसाठी ‘ब्लॅकफ्लिप’ नावाचा प्रशिक्षणाचा उपक्रम चालवला. आपण अजून सत्कारावरच आहोत.

मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. तिथे किंवा क्रीडा विभागाच्या एखाद्या प्रबोधिनीत कसरतीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सहज सुरू होईल. प्रवेश कसब बघून द्यावा, दहावीची अट नको. वसतिगृह मात्र हवंच, कारण आईबाप आज इथे तर महिन्यानं दुसऱ्या जिल्ह्यात. दोर बांधायला, कैची लावायला म्हातारे डोंबारीच गुरू म्हणून नेमावेत, तेही पगारावर; शाल-श्रीफळानं घर चालत नाही. जाळी, गादी, कमरेचा पट्टा आणि विमा यांवाचून एकही पोर वर चढता कामा नये, यात तडजोड नको. शिकून बाहेर पडलेल्यांना नाटक, चित्रपटातली साहसदृश्यं, शाळांमधलं मल्लखांब प्रशिक्षण अशी कामं आहेत. आज ती डोंबाऱ्याच्या पोराला मिळत नाहीत ती केवळ हातात कागद नाही म्हणून.

भीक प्रतिबंधक कायद्यातून ‘खेळ करून दाखवणं’ वगळायला तर पैसाही लागत नाही. येत्या अधिवेशनात एखाद्या आमदारानं तेवढं अशासकीय विधेयक मांडावं.

आपला,
एक निवृत्त मल्लखांब प्रशिक्षक, सातारा