मांडवगडचा बलून कोण उडवतंय, पायलट की टूरवाला? पर्यटन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. पर्यटन मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

साहेब, नमस्कार.

इंदूरहून लिहितेय. मराठीत अशासाठी की हे आधी आमच्याच लोकांनी वाचायला हवंय, हिंदी कॉपी तुमच्या ऑफिसला पोस्टाने येतेच आहे. विषय मांडवगडच्या, म्हणजे धारजवळच्या मांडूच्या, हॉट एअर बलूनचा. बंद करा म्हणत नाहीये, उलट चालू राहावा म्हणूनच लिहितेय.

आमच्या कॉलनीचा ग्रुप गेला होता, बहुतेक साठीच्या पुढचे. टूरवाल्याचं पॅकेज, पहाटे बलून, मग साइटसीइंग, दुपारी दाल-पानिये (पानात भाजलेल्या मक्याच्या भाकऱ्या) आणि संध्याकाळी घरी. पॅम्प्लेटवर फोटो तुर्कस्तानातला, ते खडकांचे सुळके आणि वर शंभर बलून (मांडवगडात असले सुळके कुठेत हो?). शंभरेक किलोमीटर जायचं म्हणून रात्री तीनला बस सुटली, धारला चहा झाला, काकडा खोहची दरी अंधारातच मागे पडली आणि उजाडायच्या आत आम्ही स्वेटर-मफलर घालून मैदानात हजर.

तिथं कळलं की बलून दोराला बांधलेला असतो, वर जाणार, थोडा वेळ थांबणार, खाली येणार. मोकळं उड्डाण नाहीच. मला विचाराल तर ते ठीकच आहे, गड पठारावर, बाजूला खोल दऱ्या, दक्षिणेकडे सरळ खाली नर्मदेकाठचा निमाड, तिथं वारा नेईल तिकडे जाऊन शेतात उतरायचं म्हणजे गंमत नाही. पण मग तिकिटावर तसं लिहा ना, दोराचा की मोकळा आणि वर किती मिनिटं.

तर पायलटने काय केलं, वरचा वारा कळावा म्हणून एक छोटासा काळा फुगा हवेत सोडला आणि मान वर करून बघत बसला. फुगा आधी सरळ वर गेला, मग झाडांच्या वर पोचल्यावर कुणी ओढल्यासारखा तिरका पळाला. पायलट म्हणाला, आज नाही. बस, त्यावरून जे सुरू झालं! आमच्यातले एक काका म्हणे, पान हलत नाहीये आणि हा म्हणतो वारा आहे. पहाटे असंच असतं साहेब, जमिनीलगत हवा गप्प असते आणि थोडं वर गेलं की वारा जोरात. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, दोर बांधलाय ना मग कसली भीती? खरं तर भीती दोरामुळेच जास्त. मोकळा बलून वाऱ्याबरोबर वाहत जातो, म्हणून आत बसलेल्याला झुळूकसुद्धा लागत नाही, पण बांधलेला जाणार कुठं, सगळा वारा कापडावर आदळतो, कापड एका बाजूने आत दबतं आणि खाली बर्नरची ज्वाळा पेटलेली असते. मंदसौर जिल्ह्यात गांधीसागरला २०२५च्या सप्टेंबरमध्ये काय झालं हे तुम्हाला मी सांगायला नको, खुद्द मुख्यमंत्री बास्केटमध्ये होते, बलून अजून जमिनीवरच होता आणि वाऱ्यापायी खालच्या भागाला आग लागली. कुणाला काही झालं नाही हे नशीब.

पण आमचा टूरवाला पायलटला काय म्हणाला माहितीये? "भिया, दो मिनट का तो काम है, सबको एक-एक बार उठा दो." कारण उडालं नाही तर लोक पैसे मागणार. इथंच सगळं घोडं पेंड खातंय. पायलट कडक होता, डीजीसीएचं, म्हणजे केंद्राच्या विमान खात्याचं, लायसन्स असं उगाच मिळत नाही, तो हलला नाही. पण रोज वीस-पंचवीस लोक अंगावर येत असतील तर एखाद्या दिवशी एखादा हलेल की नाही?

नंतर रिफंड मागितला तर टूरवाल्याने कानावर हात ठेवले, म्हणे निसर्गाचं कारण, पॅकेजमध्ये येत नाही. आणि वारा पडेल पडेल म्हणून मैदानात बसवून ठेवल्यामुळे साइटसीइंगचा पार चुथडा. जहाज महाल, दोन तलावांच्या मधला तो एवढा लांबलचक महाल, धावत बघितला. माळव्याचा सुलतान होशंगशहा याच्या संगमरवरी कबरीच्या दारावर लेख आहे की १६५९ साली शहाजहानचे वास्तुकार ती बघायला आले होते, ते आले असतील तेव्हा निवांत बघितली असेल, आम्हाला फोटोपुरतं उभं केलं. रूपमती मंडपावर तर काही जण चढलेच नाहीत, बसमध्ये झोपले. आणि वरून बघायचं म्हणाल तर गडावर ती जागा सगळ्यात भारी, हवा स्वच्छ असली की लांब खाली नर्मदेची रेघ दिसते, बलूनबिलून काही लागत नाही.

ज्या तुर्कस्तानचा फोटो छापतात तिथं, कापाडोकियात, उडायचं की नाही हे सरकारी विमान खातं ठरवतं. हिरवा, पिवळा, लाल असे झेंडे, लाल असला की एकही बलून उठत नाही, मग हॉटेलवाला रडो की टूरवाला. आपल्याकडे तेवढे बलून नाहीत, मान्य, पण मैदानात एक झेंडा आणि वाऱ्याचा आकडा लिहिलेला एक फळा लावायला काय जातं? आणि झेंडा लाल असेल तर बलूनचे पैसे आपोआप परत, टूरवाल्याच्या मर्जीवर नाही, हे परवानगीच्या अटीतच टाका. पैसे परत मिळणार हे माहीत असलं की आमचे काकासुद्धा पायलटशी भांडणार नाहीत, गपचूप पोहे खायला जातील. मंत्री-संत्री कुणीही येवो, झेंडा त्यांनाही लागू.

आमच्या ग्रुपच्या पावत्यांच्या झेरॉक्स हिंदी कॉपीला जोडल्यात. टूरवाल्याचं नाव इथं लिहीत नाही, पावतीवर आहे. पुढचा सीझन सुरू व्हायच्या आत उत्तर आलं तर बरं होईल.

आपली,
सुदामानगरची एक रहिवासी, इंदूर