छोटीचा फोटो

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस छोटीचे, माझ्या धाकट्या बहिणीचे, फोटो जमतायत का, तेव्हा घाईत हो म्हणून टाकलं, पण खरं सांगू का, गेल्या आठवड्यापर्यंत एकही फोटो मनासारखा आला नव्हता, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय.

चूक माझीच होती रे. मी तिला उभी करायचो, "इकडे बघ, हस" म्हणायचो, की ती लगेच दात दाखवून तो ठरलेला चेहरा करायची आणि त्या चेहऱ्यात आमची छोटी कुठेच नसायची. त्यात मी उभ्यानेच काढायचो, मग काय, डोकं मोठं नि पाय इवलेसे.

रविवारी संध्याकाळी ती सायकल शिकत होती, तेव्हा मी सरळ जमिनीवर फतकल मारून बसलो, तिच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि काही बोललोच नाही. दहा मिनिटांत ती मला विसरली. शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहायचा वेळ, सेकंदाच्या १/५०० ठेवला होता, कारण पोरं एक क्षण स्थिर नसतात, १/६० वर नुसते पट्टे येतात. आणि तिसऱ्या फेरीला ती धाडकन पडली.

कॅमेरा खाली ठेवून धावलो. त्याबद्दल माझ्या मनात शंकाच नाही, बहीण पडली की आधी दादा, फोटो नंतर. गुडघा सोलवटला होता, डोळे भरलेले, चेन निघालेली. मी हात पुढे केला तर म्हणाली, "दादा, तू नको, मी बसवते." मग मी गुपचूप परत जागेवर.

तो फोटो बघच तू. जीभ दातांत धरलीय, अंगठ्याने चेनची एकेक कडी दात्यावर चढवतेय, तळवे काळेकुट्ट, आणि गालावरचं पाणी पुसताना तिथेही काळा फराटा उमटलाय. चेहरा आणि हात दोन्ही शार्प हवे होते म्हणून अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, जरा लहान करून एफ ५.६ केलं, उजेड उतरत होता तर आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, १६०० वर न्यावा लागला, थोडे दाणे आलेत, येऊ देत. मावळतीचं ऊन तिच्या पाठीमागून येत होतं त्यामुळे चेहरा अंधारात जात होता, एक्स्पोजर एक स्टॉप वाढवलं, म्हणजे उजेड दुप्पट घेतला, तेव्हा कुठे तो फराटा दिसला.

रात्री तिलाच सगळे फोटो दाखवले. गुडघा धरून रडतानाचा एक निघाला, कॅमेरा खाली ठेवताना चुकून बटण दाबलं गेलं असणार, तो तिने डिलीट करायला लावला, मीही लगेच केला, तिचा चेहरा आहे, तिने ठरवायचं. चेनवाल्या फोटोवर मात्र बराच वेळ थांबली. म्हणाली, "ह्यात चेन बसलीय ना, ते दिसतंय का?"

सोबत पाठवतोय, तिला विचारूनच. गुडघ्याकडे नको, आधी तिच्या अंगठ्याकडे बघ आणि मग चेन बसलेली दिसते का ते तिला फोन करून सांग, वाट बघतेय ती.

तुझाच