क्लॅट (कायद्याच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा) देणाऱ्या सभासदांसाठी सूचना

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या आपल्या सर्व मुलामुलींसाठी. क्लॅटच्या पदवी पेपरात १२० प्रश्न आणि १२० मिनिटे, तेही सगळे इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्यांनी धसका घेऊ नका. रोज इंग्रजी दैनिकातला एक अग्रलेख घड्याळ लावून वाचा आणि मुद्दा दोन ओळींत मराठीत लिहा. समजलंय की नुसतं वाचलंय, ते तिथेच कळतं.

कायद्याच्या उताऱ्यात नियम दिलेला असतो. उत्तर त्यावरूनच काढा, मनाला काय बरं वाटतं त्यावरून नाही. ‘परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत पाऊल टाकणे म्हणजे अतिक्रमण’ असा नियम असेल, तर वाट चुकून शेतात शिरलेला भला माणूसही त्यात बसतो. इथेच सर्वात जास्त गुण जातात, म्हणून पुन्हा पुन्हा सांगतोय.

गणिताला दहावीपर्यंतचं गणित पुरे, म्हणजे टक्केवारी, गुणोत्तर वगैरे.

चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. दोन पर्याय नक्की बाद झाले तरच अंदाज करा. ओएमआर उत्तरपत्रिकेवरचे गोल शेवटावर ठेवू नका, उतारा संपला की लगेच भरा.

पेपर दुपारचा असला तरी खेड्यावरच्यांनी सकाळची पहिलीच बस धरावी. छापील प्रवेशपत्र, मूळ ओळखपत्र, बॉलपेन रात्रीच पिशवीत ठेवा. आदल्या रात्री मुक्कामाची सोय हवी असेल त्यांनी ग्रुपवर आजच कळवा.